परतीच्या रस्त्याची एक ओळ

"रव्याऽऽ... ऐकू येतंय का रंऽऽ..."

आवाज तीस वर्षांपूर्वीचा, पण अजून तसाच ओला. पलूसच्या अलीकडं ऊस तुटून गेलेल्या एका रानात धनगरांचं बिऱ्हाड पडलं होतं. रविराज तेव्हा सहा वर्षांचा. दिवस कलला की मेंढरांभोवती वाघूर लागायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण. ती लागली की त्याचे वडील, कोंडीबा, काठी खांद्यावर आडवी टाकून कळपाच्या अगदी पल्याडच्या टोकाला जायचे. सगळ्यात धाकटं कोकरू जिथं अंग मुडपून पडलेलं असेल, तिथं त्याच्याशेजारी उकिडवं बसायचे आणि हाळी द्यायचे. बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून पोराच्या नावानं. हाळी पोराला, पण उत्तर द्यायचं ते पोराच्या आईनं. सुलाबाई चुलीपाशी वाकलेली असायची. फुंकणी खाली ठेवून, राख लागलेला हात कानामागं धरून ती म्हणायची, "व्हऽऽय."

ते 'व्हय' पल्याड ऐकू आलं तरच बिऱ्हाड लागलं असं धरायचं. नाही आलं तर वाघूर उपटून अलीकडं घ्यायची, मग अंधार पडो की पाऊस.

एकदा पोरानं विचारलं होतं, "आबा, हितनंच वरडा की. दारातनं. तकडं कशाला जाताय?"

कोंडीबा हसले होते. "दारात हुबं ऱ्हाऊन हाळी दिली तर दाराला ऐकू येतं, ल्येका. लांडगा काय दारातनं येतो व्हय? पार कडंला पडलेल्या कोकराचा आवाज आयपतूर जातोय का, आन् आयचा माघारी येतोय का, त्ये बघायचं असतं."

पोर मोठं झालं. कराडला डिप्लोमा केला, सांगलीत नेटवर्कच्या कामाला लागलं. आणि ही गोष्ट विसरलं. विसरलं म्हणजे डोक्यात होती, हातात उरली नाही. माणूस असाच विसरतो.

*

आता वैशाख होता. रविराज मोटरसायकलवरून विटा, मायणी मागं टाकत मेंढमाळाकडं निघाला होता. औंधाच्या पूर्वेला, यमाईचा डोंगर पाठीशी निळा पडत जातो त्या बाजूला ही पंधरा-वीस घरांची वस्ती. माळावर कुसळ वाळून पांढरं झालेलं. वाऱ्याला धुळीचा वास.

वडिलांना जाऊन तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत तो चार वेळा आला आणि चारही वेळा तोंडातला शब्द तोंडात घेऊन परत गेला. एकदा आई धारा काढत होती. एकदा पाहुणे होते. एकदा काही नव्हतं, आई समोर बसली होती, दुपार रिकामी होती, आणि त्यानं तिला विचारलं होतं, "मीठ संपलंय का गं?"

आज सांगायचंच, असं ठरवून तो निघाला होता. कारण सांगितलं नाही तर आई दुसऱ्याचं ओझं वाहत मरेल, हे त्याला दिसत होतं. ओझं त्याचं होतं.

वस्तीच्या फाट्यावर दुधाची जीप समोरून आली. इंद्रजित चालवत होता, रोज सगळ्या माळाचं दूध गोळा करून वडूजला नेणारा. एरवी तो ब्रेक मारून "काय रं सांगलीकर, वाट चुकलास व्हय?" म्हणायचा. आज त्यानं गॉगल नाकावर सरकवला, मान रस्त्याकडं ठेवली आणि धूळ उडवत निघून गेला. रविराजला वाटलं, याला कळलेलं दिसतंय. सगळ्यांनाच कळलेलं असणार.

*

काय कळायचं होतं ते असं.

सांगलीच्या एका मोठ्या धर्मादाय इस्पितळानं कोरड्या पट्ट्यातल्या बारा गावांत तपासणी केंद्रं उघडली होती. त्यातलं एक करंजओढ्याला, मेंढमाळापासून चार किलोमीटरवर. दोन खोल्या, एक नर्स, इसीजी काढायच्या दोन पेट्या. छातीला तारा लावायच्या, पेटी हृदयाची रेघ काढायची आणि ती रेघ साताऱ्यावरून सांगलीला जायची. तिथं डॉक्टर बघायचा आणि उत्तर त्याच पेटीवर माघारी उतरायचं. मोबाइलला त्या खोलगटात रेंज येत नसे, म्हणून हा सगळा प्रपंच.

प्रत्येक केंद्राच्या दारावर एक फायरवॉल होता. कोण आत येतं, कोण बाहेर जातं हे बघणारा राखणदार. आधी तो आणखी एक काम करायचा, नॅट नावाचं. आतल्या पेटीनं रेघ पाठवली की तिच्यावरचा पेटीचा पत्ता खोडायचा आणि स्वतःचा लिहायचा. उत्तर यायचं ते दाराच्या नावानं, मग दार ते आठवून आठवून आत ज्याचं त्याला द्यायचं. सोय होती. पण सांगलीच्या डॉक्टरांना दोन्ही पेट्या एकाच नावानं दिसायच्या. एकदा एका म्हातारीचं उत्तर शेजारच्या पेटीला जोडलेल्या पैलवानाला मिळालं. दोघंही धडधाकट निघाले म्हणून निभावलं. इस्पितळानं फर्मान काढलं, नॅट बंद करा. राखणदार राहू दे, पण त्यानं कुणाचं नाव खोडायचं नाही. ज्याची रेघ त्याच्याच नावानं येऊ दे.

काम रविराजकडं आलं आणि त्याला ते आवडलं. ज्याचं त्याला नाव, यात त्याला काहीतरी न्यायाचं वाटलं.

पण नाव न खोडणाऱ्या दाराला एक गोष्ट लागते. बाहेरच्या जगाला आतल्या नावांची वाट ठाऊक असावी लागते. साताऱ्याच्या मधल्या राउटरला कुणीतरी सांगावं लागतं, की बाबा, या या पत्त्याच्या पेट्या करंजओढ्याच्या दारामागं राहतात, त्यांचं काही आलं तर त्या दाराकडं सोड. एका ओळीचं काम. ती ओळ नसली तर जाणारं जातं. जायला कुणाचीच आडकाठी नसते, आणि पेटीही रेघ पाठवून गप्प बसायची, पोचली का म्हणून विचारायची तिची रीतच नव्हती. पण येणारं उत्तर साताऱ्यापर्यंत येतं, इकडं तिकडं बघतं आणि तिथंच विरून जातं. धाडणाऱ्याला कळत नाही, वाट बघणाऱ्यालाही नाही.

अकरा केंद्रांत रविराजनं पेटीपाशी बसून चाचणी केली. पार आतून हाळी दिली, उत्तर आत आलेलं डोळ्यांनी बघितलं, मगच तो उठला. बारावं केंद्र करंजओढ्याचं. तिथं पोचायला दिवस मावळतीला आला. नर्स पल्लवी पेट्यांच्या खोलीला कुलूप लावून शेवटची एसटी गाठायला निघाली होती. किल्ली मागितली असती तर तिनं दिली असती. पण चार किलोमीटरवर घर होतं, आईनं हुलग्याचं माडगं केलं असणार होतं आणि आबा वाटेकडं डोळे लावून बसले असणार होते.

त्यानं दारावरच्या फायरवॉलवरूनच सांगलीला हाळी दिली. लगेच उत्तर आलं. येणारच. दाराचा पत्ता साताऱ्याला वर्षानुवर्षं पाठ होता.

गाडी खोलगटातून चढावर आली, रेंज लागली आणि फोन वाजला होता. साताऱ्याहून शाहनवाज. कराडच्या कॉलेजातला एका ताटात जेवलेला मित्र, तिथल्या राउटरचं तोच बघायचा.

"रव्या, करंजओढ्याचा परतीचा रस्ता टाकायचा राहिलाय बघ. फॉर्म धाड, टाकून देतो."

"चालू हाय की गड्या. आत्ताच हाळी दिली, उत्तर आलं."

"आलं? मग कुणीतरी आधीच टाकलाय वाटतं."

"टाकला आसंल."

"बघ बाबा. तुझं गाव, तुला ठावं."

घरी माडग्याची वाटी हातात घेऊन त्यानं आबांना सगळं सांगितलं होतं. कोंडीबांनी कान देऊन ऐकलं. म्हणाले, "म्हंजी दार तू बांधलंस."

"व्हय."

"आन् दार कुनाचं नाव खोडत न्हाई."

"न्हाई."

"ब्येस." मग म्हणाले, "माघारी येतंय न्हवं समदं?"

"येतंय की आबा. बघूनच आलोय."

कोंडीबांनी घोंगड्याची घडी मोडून पोराच्या अंगावर टाकली. त्यांना बोलून कौतुक करता येत नसे.

*

चार दिवसांनी त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

पुढचं रविराजला पल्लवीनं रडत रडत सांगितलं होतं. कोंडीबा आणि सुलाबाई एका ट्रॅक्टरवर बसून आले. अकराला तारा लावल्या. अकरा दहाला रेघ गेली. मग दोघं बाहेरच्या बाकावर बसले. केंद्रात एक समज रूढ झाला होता, कुणी लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता: वाईट असेल ते लगेच येतं. पेटी टिणटिण वाजते. चांगलं असेल ते सवडीनं येतं, कधी दुसऱ्या दिवशी. त्या चार दिवसांत आणखी दोघांचं उत्तर आलं नव्हतं, तेव्हाही पल्लवी म्हणाली होती, बरं हाय म्हणूनच आलं न्हाई.

"मीच त्यांना म्हणाले दादा, की बाबा, काळजीचं असतं तर आतापर्यंत वाजलं असतं. ते हसले. मला म्हणाले, वाजंल पोरी. माझ्या लेकानं केलंय."

सव्वा वाजता ते बाकावरच कलले. वडूजला नेईपर्यंत संपलं होतं. तिथल्या डॉक्टरनं हातमोजे काढत म्हटलं, "दोन तास आधी आणलं असतं तर हाताला लागले असते."

कुणी काही बोलायच्या आत सुलाबाई म्हणाली, "म्याच उशीर क्येला. नवाला सांगितलं हुतं त्येंनी. म्या मेंढरास्नी पाणी पाजत बसले."

ते वाक्य वस्तीनं उचललं, पाहुण्यारावळ्यांनी उचललं, दहाव्याला नदीवर तेच, तेराव्याला पंगतीत तेच. सुलाबाईनं उशीर केला. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

पंधराव्या दिवशी रविराज कामावर गेला आणि त्यानं सांगलीच्या नोंदी उघडल्या. अकरा दहाला रेघ आली. अकरा एकोणीसला उत्तर निघालं. त्यात लिहिलं होतं, ताबडतोब हलवा. डॉक्टरच्या पडद्यावर 'पाठवले' अशी हिरवी अक्षरं उमटली होती आणि तो बिचारा पुढच्या रेघेकडं वळला होता. मग साताऱ्याच्या नोंदी. तिथं दोनच शब्द, रस्ता नाही. अकरा एकोणीसला एकदा. डॉक्टरचं यंत्र चिवट, त्यानं पुन्हा पाठवलं. रस्ता नाही. पुन्हा. रस्ता नाही. सव्वा वाजेपर्यंत तेच. बापाचा जीव माघारी यायला धडपडत होता आणि साताऱ्याच्या चौकात त्याला वाट सांगणारं कुणी नव्हतं.

त्यानं शाहनवाजला फोन केला. पलीकडून किबोर्डचा आवाज आला.

"टाकला रस्ता," शाहनवाज म्हणाला.

"किती वेळ लागला?"

"नको विचारूस."

"सांग की."

"समोरचा चहा गार झाला न्हाई, इतका."

मग शाहनवाज म्हणाला, "माझंबी चुकलं. फॉर्मबिगर सोडायला नको हुतं."

"तू विचारलं हुतंस. मी म्हणलं, चालू हाय."

"घरी सांगितलंस?"

"न्हाई."

"सांग रव्या. माझ्या अब्बूंना मी एक गोष्ट सांगायची ठेवून दिली हुती, सांगू उद्या, सांगू परवा म्हणत. आता कबरीवरच्या गवताला सांगतो. गवत काय म्हणत न्हाई बघ. व्हय न्हाई का न्हाई न्हाई."

कचेरीत त्यानं सगळं कबूल केलं. साहेब म्हणाले, "तुझेच वडील होते रे. आम्ही तुला काय बोलणार." अहवालात 'तांत्रिक अडचण' असं गेलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, पगार कापला नाही. त्या दयेचा त्याला असा वळ उठला की अंगाला शर्ट लागला तरी दुखायचं.

*

गाडी लावून तो वस्तीत शिरला तेव्हा शेजारची हरणाबाई दारात शेंगा फोडत बसली होती.

"आलास व्हय? ये बाबा. आय बघ तुझी, वाळून खारीक झालीया."

"जेवत न्हाई का काकू?"

"जेवती की. दोन घास जेवती, चार घास कुत्र्याला टाकती." तिनं टरफलं फुंकली. "पर अकरा वाजलं की वाघरीपाशी त्या धोंड्यावर जाऊन बसती. एक वाजंपतूर. ऊन आसू दे, वारं आसू दे. पानी न्हाई का शबूद न्हाई. इचारलं तर म्हनती, त्ये दोन तास माझं हाईत."

रविराजनं सांडलेली एक शेंग उचलून तिच्यापुढं ठेवली.

"लोकं म्हनत्यात सुलाबाईनं उशीर क्येला. आता म्या त्या दिशी औंधाला बाजाराला, मला काय दिसलं न्हाई. पर आगं बाई, म्या म्हनती, मेंढरास्नी पाजल्याबिगर कंची धनगरीन घर सोडती? सोडली तर लोकंच म्हनली आसती, बघा, जित्राबं उपाशी मारली. बाईनं कसंबी केलं तरी त्ये चुकतंय." मग आवाज खाली घेऊन, "गानंबी गेलं बघ तिचं. आदी कोकरं पाजताना गुणगुणायची. तू लेक हायस. तिचं मन मोकळं हुईल आसं सांग की कायतरी."

"त्येच सांगायला आलोय," रविराज म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं.

आईनं त्याला बघितलं, तांब्या पुढं केला. "लय वाळलास. मेसवाला पानीच वाढतो व्हय रं?"

"तूबी काय जाड झाली न्हाईस."

"मला काय लगीन करायचंय?" ती हसल्यासारखी झाली. भिंतीला कोंडीबांची काठी टेकवलेली होती, तिची सावली ओलांडायची नाही म्हणून ती वळसा घालून आत गेली. भाकरी टोपलीत झाकली. सूर्याकडं बघितलं. तिला घड्याळ लागत नसे. पदर डोक्यावर घेऊन ती बाहेर निघाली.

"आई, बस की जरा. मला बोलायचंय."

"आल्याव बोलू."

"आत्ताच बोलायचंय."

"आता न्हाई बाबा. आता माझं दोन तास हाईत."

वाघरीच्या दाराशी एक लांबट धोंडा होता. ती त्यावर जाऊन बसली. मधोमध नाही, एका कडेला, डाव्या बाजूला माणूसभर जागा सोडून. हात मांडीवर. मेंढरं ऊन चुकवत एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी होती. माळावरून झळा येत होत्या.

रविराज दारात उभा राहिला. तिच्या पाठीमागं तीन हातांवर. इथून बोलावं. तोंड उघडलं की झालं. पण तिची मान दिसत होती, मानेवर मळलेला काळा दोरा दिसत होता, डोरलं काढून घेतल्यावर रिकामा राहिलेला. त्याच्यानं होईना. तो जाळ्याच्या कडेकडेनं चालत सुटला, पार पल्याडच्या टोकाला. तिथं परवाच जन्मलेलं एक कोकरू मुडपून पडलं होतं. त्याच्याशेजारी तो उकिडवा बसला. त्याला आठवलं, आणि आठवल्यावर वाटलं, आठवलं नसतं तर बरं.

तो तिथून बोलला. साध्या आवाजात. "आई, चूक माझी हाय."

वाऱ्यानं ते उचललं आणि भलतीकडं नेलं.

सुलाबाईनं मान वळवली. हात कानामागं नेला. "काऽऽय?"

"चूक माझी हाय गं."

"ऐकू येईना रंऽऽ... हाळी दे."

वस्तीत हरणाबाई शेंगा फोडायची थांबली होती. दोन बायका हंडे घेऊन येत होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या. हाळी द्यायची म्हणजे सगळ्या माळाला सांगायचं. रविराज उठला. कोकरू त्याच्या पायाशी धडपडून उभं राहिलं.

"आयेऽऽ..." त्याचा आवाज फाटला. त्यानं पुन्हा घेतला. "सांगलीनं उत्तर धाडलं हुतंऽऽ... धा मिंटात... ताबडतोब हलवा म्हणूनऽऽ..."

ती हलली नाही.

"माघारी यायचा रस्ता म्या बघितलाच न्हाईऽऽ... दारातनंच हाळी दिली म्याऽऽ... आबांनी सांगितलं हुतं तरीऽऽ... दोन तास तुझं न्हाईत आयेऽऽ... माझं हाईतऽऽ..."

शेवटचा शब्द डोंगराकडं गेला. बराच वेळ काही आलं नाही. कोकरू ओरडलं, कळपातून त्याच्या आईनं ओ दिली. मग धोंड्यावरून, इतक्या वर्षांनी, राख न लागलेला हात कानामागं धरून, बारीक आवाज आला.

"व्हऽऽय."

बस्स तेवढंच. जसं तेव्हा.

तो कसा चालत आला त्याला कळलं नाही. ती सोडलेल्या जागेवर हात ठेवून होती. तो हात तिनं उचलला आणि म्हणाली, "बस."

तो बसला. धोंडा तापलेला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. समोर माळ होता, माळावर काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणू लागली. आधी त्याला वाटलं रडते आहे. मग कळलं, जुनी ओवी होती, बिऱ्हाडावरची, चाल मात्र गेलेली.

"हाळी म्या घातली, माळ वलांडून गेली,
माघारी येताना तिला वाटंत सांज झाली..."

"आई, मला मार. शिव्या दे. कायतरी बोल."

"आलं हुतं म्हनायचं उत्तर," ती म्हणाली. "मला वाटलं, आलंच न्हाई."

"तुला म्हायती हुतं?"

"त्ये तारा, रस्तं, मला काय म्हायती." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पर नवाला कायबी झालं न्हवतं रं त्येंना. चांगलं भाकरी खाऊन बसलं हुतं. साडेधाला दुखाय लागलं. म्या मेंढरं तशीच सोडली, दार तसंच सोडलं, आन् निगालो. उशीर न्हाई क्येला म्या."

रविराजनं तिच्याकडं बघितलं. अकरा ते एक. नऊ ते अकरा नाही. तीन महिने ती या धोंड्यावर बसत होती ती वेळ बाकावरची होती, आणि डावीकडं सोडलेली जागा त्यांची.

"मग तू का म्हणालीस..."

"डाक्टर म्हनला दोन तास. कुनीबी इचारलं आसतं, दोन तास कुटं गेलं. मग बाक निगाला आसता. तुजी पेटी निगाली आसती." गळ्यातला दोरा तिनं चिमटीत धरला. "इंद्रजितची जीप आली हुती तितं. साडेअकराला. म्हनला, चला मामा, दूध ऱ्हाऊ दे, वडूजला टाकतो तुमास्नी. म्या उठलेबी. पिशवी घेतली. त्येला म्याच मागनं बिरोबाचा भंडारा उचलाय लावलाय, रव्याला कदी बोलायचं न्हाई म्हनून."

मेंढरांच्या अंगावरून वारा गेला. हंडे घेतलेल्या बायका कधी निघून गेल्या कळलं नाही.

"त्येंनी माझा पदर धरला," सुलाबाई म्हणाली. "खाली बशिवलं. चाळीस वरसांत त्येंनी माझं नाव घेतलं न्हाई रं, तुझ्याच नावानं हाळी दिली. त्या दिशी पयल्यांदा घेतलं. म्हनलं, 'सुले, बस खाली. पोरानं दार बांधलंय. उत्तर ऐकल्याबिगर उठायचं न्हाई.'"